हेतू विचारायचा नाही: स्लॅपविरोधी कायदा आणि नोकरीचे खटले

1978 साली अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात एका हॉटेलने आपल्या वेट्रेसला कामावरून काढलं. तिचं म्हणणं असं, की मी युनियन बांधायच्या खटपटीत होते म्हणून मला काढलं. तिने केंद्र सरकारच्या कामगार मंडळाकडे तक्रार गुदरली आणि काही सहकारणींना घेऊन हॉटेलसमोर पत्रकं वाटायला सुरुवात केली. बायकांचं स्वच्छतागृह घाणेरडं आहे, मॅनेजर अंगचटीला येतो, असा पत्रकातला मजकूर होता. काही दिवसांतच मालकांनी या बायकांवर राज्याच्या कोर्टात दावा ठोकला. पत्रकातला मजकूर खोटा आणि बदनामीकारक आहे, गिऱ्हाइकांना वाट अडवून त्रास दिला जातोय, अशी त्यांची तक्रार होती. नुकसानभरपाई वेगळी, शिवाय जरब बसावी म्हणून 5 लाख डॉलर. टिपांवर घर चालवणाऱ्या बाईकडून.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

प्रकरण थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. ‘बिल जॉन्सन्स रेस्टॉरंट्स’ या नावाने तो 1983चा निकाल ओळखला जातो. कोर्टाने सांगितलं, की मालकाने सूड म्हणून दावा लावला असेलही, पण तेवढ्यावर कामगार मंडळाला तो थांबवता येणार नाही. दाव्यात दमच नाही आणि वर सूडही आहे, अशा दोन्ही गोष्टी दिसायला हव्यात. म्हणजे ज्या दाव्यात जरा तरी तथ्य दिसतं, तो कितीही खुनशीपणाने लावलेला असला तरी चालू राहणार, आणि तिने वकील लावून तो लढायचा.

या ‘हेतू’ शब्दावर लक्ष ठेवा. पुढे कॅलिफोर्नियाने कायदा केला तेव्हा हेतूचा प्रश्नच बाजूला ठेवला. त्याने आधी नोकरदारांचं भलं झालं, आणि नंतर तोच नियम त्यांच्या अंगावर आला.

मी हे सगळं नव्याने वाचायला बसलो ते भाचीमुळे. ती सॅन होजेला सॉफ्टवेअरमध्ये आहे. एका रात्री तिचा मेसेज आला: “मामा, इथे ऑफिसात कुणाविरुद्ध तक्रार केली तर तो उलट माझ्यावरच अब्रूनुकसानीची केस करू शकतो का?” केस कुणीही कुणावरही करू शकतो, खरा प्रश्न ती किती दिवस टिकते हा आहे, असं मी लिहिलं. तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. होण्यासारखं ते उत्तर नव्हतंच.

आधी नाव समजून घेऊ. ‘स्लॅप’ म्हणजे ‘स्ट्रॅटेजिक लॉसूट अगेन्स्ट पब्लिक पार्टिसिपेशन’ची आद्याक्षरं. सार्वजनिक बाबतीत बोलणाऱ्या माणसाला गप्प करण्यासाठी डावपेच म्हणून लावलेला दावा. 1980च्या दशकात डेन्व्हर विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी, कायद्याचे जॉर्ज प्रिंग आणि समाजशास्त्राच्या पेनेलपी कॅनन यांनी, हा शब्द घडवला. इंग्रजीत स्लॅप म्हणजे थप्पड, हा श्लेष मुद्दामचाच. नगरपालिकेच्या सभेत बिल्डरविरुद्ध बोललेला रहिवासी, सरकारला पत्र लिहिणारी गृहिणी, अशा लोकांवर लाखोंचे दावे लागतात, आणि लावणाऱ्याला जिंकायची फिकीर नसते, हे त्यांनी दाखवून दिलं. समोरचा वकिलाच्या बिलांनी जेरीला आला, की काम फत्ते.

कॅलिफोर्नियाने 1992 साली यावर कायदा केला. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 425.16. तिकडचे वकील नुसतं ‘अँटी-स्लॅप’ म्हणतात. अमेरिकेत केंद्राचा असा कायदा नाही. राज्याराज्यांचे आहेत आणि ते एकसारखे नाहीत. पण नोकरीच्या खटल्यांत हे हत्यार सगळ्यात जास्त पारखलं गेलं ते कॅलिफोर्नियात, म्हणून इथे मुख्यतः तिथलीच गोष्ट.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. या कायद्यात पायऱ्या दोन आहेत. ज्याच्यावर दावा लागला तो सुरुवातीलाच, साधारण 60 दिवसांच्या आत, अर्ज करतो की हा दावा उडवून लावा. पहिल्या पायरीवर त्याने दाखवायचं, की माझ्यावरचा दावा माझ्या संरक्षित बोलण्यातून किंवा सरकारदरबारी दाद मागण्यातून उपजला आहे. संरक्षित म्हणजे काय ते कायद्यात दिलं आहे: कोर्टात, विधिमंडळात किंवा सरकारी कार्यवाहीत केलेलं निवेदन, तिथे विचाराधीन असलेल्या विषयावरचं बोलणं, सार्वजनिक हिताच्या विषयावर जाहीरपणे केलेलं बोलणं, आणि त्याच जातीचं इतर वर्तन. हे पटलं, तर दुसऱ्या पायरीवर ओझं दावा लावणाऱ्यावर जातं. माझ्या दाव्यात निदान किमान दम आहे, हे त्याने शपथपत्रं आणि कागद जोडून दाखवायचं. नाही दाखवता आलं तर दावा तिथेच संपला, आणि समोरच्याच्या वकिलाची वाजवी फीही त्यानेच भरायची. उलट अर्ज करणारा हरला, तर त्याला फी भरावी लागते ती अर्ज अगदीच फालतू किंवा छळासाठी केलेला असेल तरच.

कोर्ट इथे एक गोष्ट विचारत नाही: दावा लावणाऱ्याचा हेतू काय होता? कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने 2002 मध्येच सांगून टाकलं, की समोरच्याला गप्प करण्याचा इरादा सिद्ध करायची गरज नाही. ॲरिझोनाच्या वेट्रेसला ज्या भिंतीवर डोकं आपटावं लागलं, ती इथे काढून टाकली होती. दुसऱ्याच्या मनातलं सिद्ध करणं किती अवघड असतं हे ज्याने एकदा तरी खटला लढवलाय त्याला विचारा.

अर्ज दाखल होताच आणखी एक गोष्ट घडते: ‘डिस्कव्हरी’ थांबते. डिस्कव्हरी म्हणजे खटला उभा राहण्याआधी एकमेकांचे कागद, ईमेल मागवणं, साक्षीदारांचे जबाब घेणं. सबळ कारण दाखवलं तर कोर्ट थोडी मोकळीक देतं, एरवी सगळं गोठलेलं. अर्जावरच्या निकालाविरुद्ध लगेच अपील करता येतं, आणि अपील चालू असेपर्यंत त्या मुद्द्यांवरचा खटला खोळंबतो. हे अपिलाचं तत्त्व पक्कं झालं तेही नोकरीशी नातं असलेल्या प्रकरणातच. व्हेरियन या पालो आल्टोच्या कंपनीच्या दोन माजी कर्मचाऱ्यांनी कंपनीबद्दल आणि तिथल्या अधिकाऱ्यांबद्दल इंटरनेटच्या चर्चाफलकांवर 13,000हून जास्त संदेश टाकले होते. (हो, तेरा हजार. चिकाटी म्हणावी का काय म्हणावं!) कंपनीने दावा लावला, त्यांनी अँटी-स्लॅप अर्ज केला, तो फेटाळला गेला, त्यांनी अपील केलं. अपील लटकलेलं असतानाच खालच्या कोर्टात खटला चालून ज्यूरीने त्यांच्याविरुद्ध कौल दिला. 2005 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने तो सगळा खटलाच रद्दबातल ठरवला. अपील चालू असताना तो चालवायलाच नको होता, म्हणून.

आता भाचीच्या प्रश्नाकडे. 2012च्या एका अपिली निकालातली हकिगत तिच्या प्रश्नाशी तंतोतंत जुळते. एका महिलेने कंपनीवर आणि सहकाऱ्यावर लैंगिक अत्याचाराचा दावा केला. त्या सहकाऱ्याने त्याच खटल्यात उलटा दावा लावला, की ही माझी बदनामी करते. तिने तीन ठिकाणी सांगितलं होतं: पोलिसांना, तपासणी करणाऱ्या नर्सला आणि कंपनीच्या एचआर मॅनेजरला. तिने अँटी-स्लॅप अर्ज केला आणि ती जिंकली. पोलिसांकडे केलेली तक्रार संरक्षित आहे हे उघड होतं. लक्षात ठेवण्यासारखी आहे ती एचआरची बाब: पुढे दावा करायचा तर आधी कंपनीला कळवणं ही त्याचीच पूर्वतयारी, म्हणून तेही बोलणं संरक्षित धरलं गेलं.

पण एचआरच्या खोलीत बोललेलं सगळंच या छत्रीखाली येतं असं समजू नका. 2006 मध्ये कॅलिफोर्नियाच्या एका अपिली कोर्टापुढे उलट प्रकरण आलं. छळाच्या तक्रारींवरून काढून टाकलेल्या माणसाने कंपनीवर बदनामीचा दावा केला, आणि कंपनी म्हणाली, आमची अंतर्गत चौकशी ही कायद्याने नेमलेली कार्यवाहीच आहे. कोर्टाने ते मानलं नाही. खासगी कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी बनवलेली तक्रार-पद्धत म्हणजे सरकारी कार्यवाही नव्हे. गंमत अशी, की त्याच वर्षी राज्याच्या सुप्रीम कोर्टाने हॉस्पिटलमधल्या ‘पिअर रिव्ह्यू’ला, म्हणजे डॉक्टरांच्या कामाची इतर डॉक्टरांनीच केलेल्या तपासणीला, मात्र अधिकृत कार्यवाहीचा दर्जा दिला, कारण ती पद्धत कायद्यानेच बंधनकारक केली आहे. त्यामुळे डॉक्टर आणि हॉस्पिटल यांच्यातल्या भांडणांत अँटी-स्लॅप अर्ज वरचेवर दिसतात.

तक्रार करणाऱ्यांसाठी राज्याने पुढे आणखी तटबंदी केली. 2018च्या दुरुस्तीने लैंगिक छळाची तक्रार मालकाकडे, पुराव्याच्या आधारे आणि आकस न ठेवता केली असेल, तर तिला बदनामीच्या दाव्यापासून सूट मिळाली. 1 जानेवारी 2024पासून कलम 47.1 आलं. छळ, अत्याचार किंवा कामाच्या जागी भेदभाव झाल्याचं आकस न ठेवता सांगणाऱ्यावर बदनामीचा दावा लावला आणि तो हरला, तर वकिलाची फी, आणि त्या दाव्याने झालेल्या नुकसानीच्या तिप्पट भरपाईची तरतूद त्यात आहे. हे मी भाचीला कळवलं तेव्हा तिने अंगठ्याची खूण पाठवली. पण कथा इथे उलटते.

कायदा म्हणतो ‘ज्याच्यावर दावा लागला तो’. तो गरीबच असेल असं कुठेही लिहिलेलं नाही. मग कंपन्यांच्या वकिलांना सुचलं: कर्मचारी आमच्यावर भेदभावाचा दावा लावतो, तेव्हा प्रतिवादी आम्ही. त्याला काढताना आम्ही बैठका घेतल्या, अहवाल लिहिले, मतं मांडली. हे सगळं बोलणंच ना? मग लावा अँटी-स्लॅप.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत हेच झालं. कोरियन वंशाच्या एका सहायक प्राध्यापकाला कायम करायचं नाकारलं. त्याने मूळ देशावरून भेदभाव झाल्याचा दावा केला. विद्यापीठ म्हणालं, कायम करायचं की नाही हे ठरवताना समित्यांमध्ये झालेली चर्चा ही अधिकृत कार्यवाही, तेव्हा दावा उडवा. 2017 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने नकार दिला. ‘पार्क’ निकाल म्हणून तो प्रसिद्ध आहे, आणि या सगळ्या विषयातली कळीची कसोटी त्यातच आहे. कोर्टाने विचारलं, नेमकं चुकीचं कृत्य कोणतं? बोलणं हेच चुकीचं असेल तर कायदा लागू. बोलणं हा त्या कृत्याचा नुसता पुरावा असेल, किंवा तिथवर पोचण्याची एक पायरी असेल, तर नाही. प्राध्यापकाचं दुखणं समितीतल्या भाषणाचं नव्हतं, नोकरी नाकारल्याचं होतं.

साध्या भाषेत सांगायचं तर असं. साहेबाने मीटिंगमध्ये तुम्हाला ‘चोर’ म्हटलं आणि त्या शब्दासाठी तुम्ही दावा केला, तर तो शब्द संरक्षित आहे का हे तपासावं लागेल. त्याच मीटिंगमध्ये जात, रंग, देश पाहून तुमची बढती कापली गेली असेल, तर दावा बढतीचा आहे, मीटिंगमधल्या शब्दांचा नाही.

एवढं स्पष्ट झाल्यावर वाटलं होतं, प्रश्न सुटला. मग दोन वर्षांनी सीएनएनचं प्रकरण आलं.

स्टॅनली विल्सन हे सीएनएनचे लॉस एंजेलिसमधले निर्माते आणि लेखक. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो. 1996पासून कंपनीशी जोडलेले, एमी पुरस्कार मिळवलेले. बढत्यांत डावललं गेल्याची तक्रार त्यांनी केली होती, जुळी मुलं झाल्यावर रजा घेतली होती, आणि त्यानंतर वरिष्ठांची वागणूक बिघडली असं त्यांचं म्हणणं. 2014 मध्ये लॉस एंजेलिसच्या शेरीफच्या निवृत्तीवर त्यांनी एक बातमी लिहिली. संपादन करणाऱ्याला त्यातला मजकूर दुसऱ्या वर्तमानपत्राशी जुळणारा वाटला. बातमी छापलीच गेली नाही, चौकशी झाली आणि विल्सन यांना काढलं. त्यांनी भेदभाव, सूडबुद्धी आणि बदनामी असा दावा केला. उचलेगिरी हे निमित्त आहे, खरं कारण माझा वंश आणि माझ्या तक्रारी, असं ते म्हणाले. सीएनएनने अँटी-स्लॅप अर्ज केला: बातम्या कुणी लिहायच्या हे ठरवणं हा आमच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे.

अपिली कोर्टांपैकी काहींचं मत होतं, की भेदभावाच्या हेतूचा आरोप असेल तर मालकाचं कृत्य संरक्षित धरूच नये. जुलै 2019 मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ते खोडून काढलं. पहिल्या पायरीवर हेतू पाहायचा नाही, असं कोर्ट म्हणालं. जो नियम गप्प केल्या जाणाऱ्याच्या सोयीसाठी केला, तोच दुसऱ्या अंगाने लावला.

यात दुखतं कुठे ते पाहा. कॅलिफोर्नियात नोकरी ‘ॲट-विल’ असते, म्हणजे मालक कुणालाही जवळपास कोणत्याही कारणाने, किंवा कारण न देताही, काढू शकतो. बेकायदा असतात ती मोजकीच कारणं: वंश, लिंग, देश, वय, तक्रार केल्याचा सूड. काढण्याचं पत्र तेच, सही तीच, तारीख तीच. ते कायदेशीर की बेकायदा हे फक्त मनातल्या कारणावरून ठरतं. हेतू काढून टाकला तर भेदभावाच्या दाव्यात उरतं ते नुसतं एक पत्र. कोर्ट म्हणालं, हेतूचा विचार दुसऱ्या पायरीवर करू. ठीक आहे, पण दुसऱ्या पायरीवर येईपर्यंत डिस्कव्हरी गोठलेली असते, आणि हेतूचा पुरावा, म्हणजे साहेबांचे आपसातले ईमेल, कंपनीच्या कपाटात असतो. वर हरलो तर त्यांच्या वकिलाचं बिल.

कोर्टाला हे कळत नव्हतं असं नाही. निकालात त्यांनी दार अगदी किलकिलंच उघडलं. बढती नाकारली, हलकी कामं दिली, हे आरोप पहिल्याच पायरीवर अर्जाच्या बाहेर राहिले, म्हणजे त्यांवरचा दावा शाबूत. वृत्तसंस्था आहे म्हणून तिची प्रत्येक नेमणूक म्हणजे अभिव्यक्ती ठरत नाही. उचलेगिरीवरून काढणं एवढंच एक कृत्य संरक्षित ठरू शकतं, कारण विश्वासार्ह बातमी देण्याशी त्याचा थेट संबंध आहे. बदनामीच्या आरोपाबाबत तर सीएनएन हरलंच: एका फारशा प्रसिद्ध नसलेल्या लेखकाने मजकूर उचलला का, ही खासगीत झालेली कुजबुज सार्वजनिक प्रश्न होत नाही. बहुतेक कंपन्यांना बहुतेक प्रकरणांत हा कायदा लागूच पडणार नाही, असा एकूण रोख. मला हा निकाल तर्काला पक्का आणि मनाला खटकणारा वाटतो. 2021 मध्ये एका शल्यविशारदाच्या प्रकरणात याच कोर्टाने पुन्हा तीच चाळणी लावली: हॉस्पिटलच्या एकेका कृत्याला वेगळं काढायचं, पिअर रिव्ह्यूमधली विधानं संरक्षित, शस्त्रक्रियेचे अधिकार काढून घेणं संरक्षित नाही.

टेक्सासने तर सुरुवातीला धमालच केली होती. तिथला 2011चा कायदा इतका ऐसपैस होता, की 2017 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने एक्झॉनच्या पाइपलाइन कंपनीतल्या सहकाऱ्यांची आपसातली बोलणीही त्यात बसवली. एका कामगाराने टाकीतल्या द्रवाची पातळी मोजली नाही असं ते म्हणाले होते, आणि टाकी भरून वाहिली तर सगळ्यांच्याच जिवाशी गाठ, म्हणून तो सार्वजनिक चिंतेचा विषय! 2019 मध्ये विधिमंडळाने कायदा आवळला. व्यापारी गुपितं आणि स्पर्धक कंपनीत न जाण्याचे करार यांवरून नोकर-मालकांत होणारे दावे तेव्हा बाहेर काढले.

भाचीचा शेवटचा प्रश्न सरळ होता: “आणि मी पुण्यातच नोकरी करत असते तर?”

भारतात स्लॅपविरोधी कायदा नाही. मार्च 2024 मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी या प्रकरणात आपल्या सुप्रीम कोर्टाने स्लॅपचा नाव घेऊन उल्लेख केला आणि खालच्या कोर्टांना सांगितलं, की बातमीवर अंतरिम मनाई देताना सावध राहा. पण तो सावधगिरीचा इशारा, सुरुवातीलाच दावा उडवायचं यंत्र नव्हे. वर आपल्याकडे अब्रूनुकसानी हा फौजदारी गुन्हाही आहे, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 356खाली. योग्य अधिकाऱ्याकडे सद्‌भावनेने केलेली तक्रार त्यात अपवाद आहे, पण तो अपवाद सहसा खटला चालल्यावर सिद्ध करावा लागतो. पत्रकार प्रिया रमाणी यांनी माजी संपादक आणि तेव्हा केंद्रीय मंत्री असलेल्या एम. जे. अकबर यांच्यावर 1993च्या मुंबईतल्या नोकरीच्या मुलाखतीबद्दल गैरवर्तनाचा आरोप केला. अकबर यांनी तो नाकारून ऑक्टोबर 2018 मध्ये फौजदारी तक्रार केली. रमाणी निर्दोष सुटल्या त्या 17 फेब्रुवारी 2021 रोजी. मधली सव्वादोन वर्षं तारखांची. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या 2013च्या कायद्यात समितीकडे दाद मागता येते, मात्र त्याच कायद्याचं कलम 14 जाणूनबुजून खोट्या तक्रारीवर कारवाईचंही आहे. नुसता पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, हे त्याच कलमात लिहिलंय. ते वाक्य एचआरवाले सहसा मोठ्याने वाचून दाखवत नाहीत.

आणि खर्चाचं म्हणाल, तर जाणूनबुजून खोटा किंवा त्रासासाठी लावलेला दिवाणी दावा असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 35अ भरपाई देतं. साध्या दाव्यांत तिची कमाल मर्यादा 3,000.

हे मी तिला पाठवलं. दोन निळ्या खुणा दिसल्या, आणि मग तिचं उत्तर आलं: “मामा, डॉलर की रुपये?”